चार नंबरची बाटली

एप्रिलातली दुपार, नेरुळ, नव्वदीतलं कुठलंसं वर्ष. मी कॉलेजात तासिकेवर झूलॉजी शिकवायचे. सकाळी तिथे, दुपारी सानपाड्याला क्लास, घरी आलं की पेपरांचा गठ्ठा... त्या दिवशी प्रॅक्टिकलचे पेपर तपासताना डोळे नुसते मिटत होते.

ज्यांनी झूलॉजी केलंय त्यांना ‘स्पॉटिंग’ आठवत असेल. टेबलावर नंबर लावलेल्या बाटल्या, फॉर्मॅलिनमध्ये एकेक प्राणी. नाव लिहायचं, संघ, वर्ग, ओळखायचं कारण, आणि घंटा वाजली की पुढे सरकायचं.

हेही आठवत असेल, की सीनियर मुलं ज्युनियरना प्राणी शिकवायचीच नाहीत, बाटल्या शिकवायची. तळाला चीर म्हणजे अमुक, वाकडं बूच म्हणजे तमुक. काळ्या झाकणाची उंच बाटली म्हणजे चॅलिना, समुद्रातला स्पंज. डोळे झाकून लिहा.

वर्गात सारसोळ्याची वंदना होती. पहाटे आईबरोबर मासळी बाजारात लावून मग कॉलेजात यायची, त्यामुळे सीनियरांच्या कट्ट्यावर बसायला तिला कधी सवडच नव्हती. आदल्या वर्षी प्रॅक्टिकलला नापास झाली होती. यंदाही गेली तर शिक्षण बंद, कायमची मासळीची पाटी घेऊन बस, असं घरी ठरलं होतं.

यंदाही ती दोन मार्कांनी गेली. चार नंबरला अख्ख्या वर्गाने चॅलिना लिहिलं होतं, हिने एकटीने स्पॉन्जिला, गोड्या पाण्यातला स्पंज. मी लाल फुली मारली आणि पुढचा पेपर ओढला.

निकालाची यादी लागली, तशी ती लॅबच्या दारात हजर.

“मॅडम, माझं चार नंबरचं बरोबर हाय.”

खरं सांगते, वैताग आला. सानपाड्याला पोचायला उशीर होत होता. म्हटलं, अगं, सगळा वर्ग चुकला आणि तू एकटी बरोबर?

“आतमदी खसखशीवानी दाने हायेत. समुद्रातल्याला ते नसतात, तुमीच शिकवलंत.”

तिला एकदाचं गप्प करावं म्हणून मी बाटली उचलली, खिडकीशी उजेडात धरली... दाणे होते. तळं आटलं, स्पंज मरून गेला, तरी हे दाणे तग धरून राहतात, पाणी आलं की त्यातून नवा स्पंज वाढतो. दरवर्षी हे मीच फळ्यावर लिहीत होते.

लॅबच्या मामांना विचारलं. फॉर्मॅलिन बदलताना त्यांनी बाटल्या धुतल्या होत्या, आणि हाताला लागेल त्या बाटलीत स्पंज भरले होते. “तुमी नंतर बगितल्या असतील ना मॅडम?” मामा म्हणाले.

मी बघितल्या नव्हत्या. उत्तरांची यादी मी काळं झाकण बघून केली होती. बाटल्या पाठ करतात म्हणून पोरांना झापायचे, आणि स्वतः तेच करत होते. फार लाज वाटली.

विभागप्रमुख सरांकडे जाऊन चूक कबूल केली. पुढच्या वर्षी तासिका मिळतील का, ही धाकधूक होतीच. सर चष्मा काढून म्हणाले, निकालाची यादी बदला. बाकीच्यांचे दोन-दोन मार्क गेले, आठवडाभर वर्ग माझ्याशी धड बोलला नाही. वंदना पास झाली.

त्यानंतर दमणं काही थांबलं नाही, आजही थांबलेलं नाही. फक्त फुली मारण्याआधी बाटली उजेडात धरायची सवय लागली.

वंदना, आता कुठे आहेस माहीत नाही. पण त्या दिवशी तू दारातून मुकाट परत गेली असतीस ना... तर तुझं शिक्षण मी थांबवलं, हे मला कधी कळलंसुद्धा नसतं.