आखाडात वेंगुर्ल्याला मासे खायला

जायचं ठरलं ते परभणीच्या डॉक्टरांकडून बाहेर पडल्यावर, समोरच्या हॉटेलात चहा पिताना. हे बशीतला चहा फुंकून फुंकून गार करत होते. हे म्हणजे माझे यजमान, पाथरीच्या शाळेत भूगोलाचे शिक्षक. जिभेच्या कडेला जखम झाली होती आणि ती काही केल्या भरेना. तंबाखूमुळे असावी म्हणून त्यांनी तंबाखू सोडली, तरी भरली नाही. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सरळ सांगितलं होतं. जीभ कापावी लागेल, अर्धी की सगळी ते तेव्हाच कळेल. पुढच्या सोमवारी मिरजेच्या दवाखान्यात दाखल व्हा, उशीर करू नका.

चहा गार झाल्यावर हे म्हणाले, "मिरजेच्या पुढं समुद्र किती लांब हाय, माहीत हाय का तुला?"

मला माहीत नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी शाळेचा नकाशा उघडला. मिरजेवर एक बोट ठेवलं आणि दुसरं किनाऱ्यावर. "बघ, बोटभर. शनिवार-रविवार समुद्रावर राहू. ताजी सुरमई खायची. आन् द्राक्षाच्या दारूचा एक घोट घ्यायचा."

"तुमी? दारू?"

"सगळी नोकरी पोरांना सांगण्यात गेली की भूमध्य समुद्राच्या काठचे लोक मासे खातात आन् द्राक्षाची दारू पितात. समुद्राचा मासा आन् दारू, मी यातलं काहीच चाखलं न्हाई. आता जीभच जायलीय, तर जाण्याआधी एकदा."

भूमध्य समुद्र आम्हाला परवडणारा नव्हता. वेंगुर्ला परवडणारं होतं आणि त्याला लागूनच गोवा, म्हणजे दारूची सोय.

शेजारच्या देशमुख वहिनींना हे अजिबात पटलं नाही. "ऑपरेशनच्या आधी लोक देवाला जातात, सर, तुमी मासे खायला जायलाव?" हे म्हणाले, "देव काय पळून जातोय का, वहिनी? सुरमई पळती."

महिना आखाडाचा होता, आणि तो योग मला चांगलाच वाटला. आमच्याकडे गोदावरीला पहिलं पाणी आलं की मासे ओढ्यांतून वर चढतात. भोई टोपल्या भरभरून बाजारात आणतात. श्रावण लागला की खाणंपिणं बंद, म्हणून आखाडात घराघरांत मासे आणि मटण शिजतं. नदीला पाणी आल्यावर एवढे मासे, तर भर पावसात समुद्रात किती असतील, असा आमचा दोघांचाही हिशोब होता. कुणाला विचारावं असं मनातही आलं नाही. पाथरीत विचारायचं तरी कुणाला?

गुरुवारी सकाळी जीपने परभणीला आलो. स्टँडच्या भिंतींवर विद्यापीठाचं नामांतर झालंच पाहिजे आणि होऊ देणार नाही, अशी दोन्हीकडची अक्षरं एकमेकांवर रंगवलेली होती. त्या आठवड्यात बंद नव्हता म्हणून गाड्या सुटत होत्या. इकडून जाणाऱ्यांसाठी सांगते: परभणीहून सोलापूरची एसटी धरावी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, लातूर करत ती संध्याकाळ उलटून गेल्यावर पोचते. सोलापूरला स्टँडजवळ साध्या लॉजमध्ये मुक्काम करावा. लॉजच्या गादीवर आपली चादर टाकावी. दुसऱ्या दिवशी कोल्हापूर आणि तिसऱ्या दिवशी आंबोलीवरून वेंगुर्ला. बस बदलावी लागली तरी हरकत नाही, पण सामान कमी ठेवा. आमचं सामान जास्त होतं, कारण त्यात दवाखान्याचे कपडे होते.

गंगाखेडच्या पुलावर गोदावरी गढूळ आणि रुंद झाली होती. शेजारी बसलेल्या म्हातारबाबांनी विचारलं, "कुठं निघालाव, गुरुजी?"

"समुद्रावर. मासे खायला."

"एवढ्या लांब? हितं गंगंत काय मासे न्हाईत का?"

हे हसले. हसताना जीभ दुखायची म्हणून ते तोंड मिटून हसायला शिकले होते.

जेवण माझ्याजवळ होतं. भाकरी त्यांना चावत नव्हती. मी दुधात कुस्करून द्यायची आणि ते डाव्या बाजूने सावकाश गिळायचे. तिखट बंद होऊन महिना झाला होता. डब्यातला ठेचा मी एकटीने, त्यांच्याकडे पाठ करून खाल्ला. त्यांना वास आलाच. "खा की. मला वास तरी येऊ दे," म्हणाले.

शुक्रवारी कोल्हापूरची गाडी मिरजेत थांबली. लोक उतरले, चढले, शेंगदाणेवाला खिडकीशी आला. हे डोळे मिटून बसले होते. झोपले नव्हते, त्यांच्या हाताचा अंगठा बोटांवरून सारखा फिरत होता. गाडी सुटली तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "गेलं का मिरज?"

आंबोलीचा घाट मात्र कुणीही एकदा बघावा. धुकं बसमध्ये शिरतं, डोंगरावरून पाणी रस्त्यावर पडतं आणि तिथूनच गाडी जाते. खिडक्यांच्या पत्र्यांतून आमचे खांदे भिजले. कंडक्टर तिकडचाच होता. तिकीट फाडताना त्याने सहज विचारलं, "वेंगुर्ल्याक कोणाकडे?"

"कुणाकडं न्हाई. मासे खायला चाललोय."

त्याने आमच्याकडे एकदा नीट पाहिलं. "आता?" एवढंच म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे गेला. एवढ्या पावसात कशाला, असं त्याला म्हणायचं असेल, असं आम्हाला वाटलं.

वेंगुर्ल्यात स्टँडवर चौकशी केली तेव्हा एका खानावळीच्या मागची खोली मिळाली. साधी पण स्वच्छ, खाली शेणाने सारवलेली, वर कौलं. भाडं आमच्यासारख्या पगारदाराला जड जात नाही. खानावळ शालनकाकींची. साठीच्या असतील, काष्टा घातलेल्या, बोलायला मोकळ्या. हात धुऊन ताटावर बसलो आणि हे म्हणाले, "काकी, सुरमई हाय का? तळलेली न्हाई, नुसती शिजवलेली द्या."

काकी पदराला हात पुसत तशाच उभ्या राहिल्या.

"खयसून इलात तुमी?"

"परभणीकडून."

"तरीच. अवो, आता सुरमई खय मिळतली? होड्ये सगळे वर काढलेत. नारळी पुनव झाल्याशिवाय दर्यात कोण जायत नाय. ह्या दिवसात दर्यात गेलो तो परत येवचो नाय. तुमका कोणी सांगूक नाय?"

कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही डाळ-भात जेवलो. काकींनी त्यांना सुका बांगडा भाजून दिला. पहिल्याच तुकड्याचं मीठ जखमेला लागलं. त्यांनी तो हळूच ताटाच्या कडेला ठेवला.

पाऊस जरा ओसरल्यावर बंदरावर गेलो. काकी म्हणाल्या होत्या तसंच होतं. होड्या वाळूच्या वर ओढून, माडाच्या झापांनी शाकारून ठेवलेल्या. समुद्र तपकिरी होता, आणि इतका मोठा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. मी तो पहिल्यांदाच बघत होते. सुंदर वाटला का, असं विचाराल तर नाही. मला भीती वाटली.

हे एका होडीला टेकले. "नैर्ऋत्य मोसमी वारे," म्हणाले. "कोणत्या महिन्यात, कोणत्या दिशेनं, किती जोरानं. परीक्षेला दर वर्षी विचारतो. पण त्या वाऱ्यात होडी जाईल का, हे मलाच कुणी विचारलं न्हाई."

मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "मी काय म्हणतो, पुनवेपर्यंत थांबू हितंच."

"पुनव तीन आठवड्यांवर हाय."

"मग? एवढे महिने ही जखम हाय. तीन आठवड्यांत काय बिघडायलंय? मिरज कुठं जात न्हाई."

"डॉक्टर काय म्हणाले, तुमी ऐकलंय."

"ऐकलंय. तू माझं ऐक. एकदा कापली की मला वरण अन् पाणी सारखंच. हयातभर. एक जेवण मागायलोय मी, जास्त न्हाई."

तीन आठवड्यांत ती जखम कुठवर पोचेल हे मला माहीत नव्हतं आणि त्यांनाही नव्हतं. नको म्हणावं तर त्यांचं शेवटचं मागणं मी नाकारणार. हो म्हणावं तर माझ्या हाताने उशीर होणार. "उद्या बघू," म्हणून मी वेळ मारून नेली.

परत आल्यावर यांनी काकींना खोली पुनवेपर्यंत मिळेल का, असं विचारलं. काकी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "ह्या पावसात तीन आठवडे करतलात काय तुमी?" मी चुलीपाशी बसून सगळं सांगितलं. त्या नारळ खोवत होत्या. खोवणं थांबलं नाही, पण हात हळू झाला.

"पुनवेक थांबा नको," म्हणाल्या. "माझ्या घोवाच्या पोटात असाच होता. आज जाऊ, उद्या जाऊ करीत रवलो." नवऱ्याचं पुढचं त्यांनी सांगितलं नाही. "दर्यातलो मासो गावचो नाय. खाडीतलो गावतलो. जावयाक सांगतंय जाळा टाकूक. तिखट घालूचंय नाय. रस काढून वायच शिजवतंय."

रविवारी दुपारी त्यांनी ताट वाढलं. खाडीतले शेवटे नावाचे मासे, काटे काढून, नारळाच्या दुधात शिजवलेले. मऊ भात. आणि फुलपात्रात तांबडी, गोव्याची पोर्ट वाइन. काकींचा भाऊ पलीकडून आणतो, पावसात अंग दुखलं की त्या घोटभर घेतात. मलाही त्यांनी थोडी ओतली. "घे गो. बायलांनी घेतल्यान काय होयत नाय."

हे ताठ बसले, जसे तपासणीला साहेब आल्यावर वर्गात बसायचे. पहिला घोट घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. दारू जखमेला झोंबली होती. जरा वेळाने म्हणाले, "भूमध्य समुद्र लय आग करतो." काकींना काही कळलं नाही, तरी त्या हसल्या.

मग त्यांनी मासा खाल्ला. डाव्या बाजूने, बोटांनी कुस्करून, अगदी लहान घास. मी बघत होते. ते सावकाश सगळं जेवले. भाताचं शीतसुद्धा ठेवलं नाही. काकींनी विचारलं, "बरा झाला मां?"

"काकी, असं जेवण मी जिंदगीत जेवलो न्हाई," ते म्हणाले.

काकींनी पदर डोळ्यांना लावला आणि भांडी उचलून आत गेल्या. मला वाटलं, झालं. मागितलेलं मिळालं. सुरमई नसली तरी मिळालं.

हात धुऊन आम्ही पडवीत बसलो. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. हे म्हणाले, "सकाळची गाडी किती वाजता हाय?"

"थांबायचं म्हणत होताव ना?"

"कशाला थांबायचं? चव लागंना मला. दारूची आग तेवढी कळली. मासा तोंडात हाय की भात, तेसुद्धा कळंना. कधीची गेलीय चव, काय माहीत. घरचं दूधभाकर खाताना ध्यानात आलं न्हाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "काकीला सांगू नको."

सोमवारी सकाळी निघालो. काकींनी पैसे खोलीचेच घेतले, जेवणाचे घेतले नाहीत. त्याच घाटातून वर आलो. संध्याकाळी मिरजेत ते माझ्या आधी उतरले आणि सामान स्वतः घेतलं.

मिरजेचं लिहीत नाही. ते प्रवासात धरत नाही मी.

आता पाथरीत आहोत. जीभ जवळजवळ सगळी काढली. ते बोलत नाहीत. लागलं तर पाटीवर लिहितात, पण लिहायचाही कंटाळा करतात. नाकातल्या नळीतून पातळ पेज जाते. रोग उलटून आता मानेत गाठ आली आहे. परभणीचे डॉक्टर आता तारीख देत नाहीत, घरीच ठेवा म्हणतात.

परवा संध्याकाळी मी नळीतून पेज घालत होते. त्यांनी माझं मनगट धरलं. पाटी मागितली आणि लिहिलं, "मासा कसा होता?"

त्या दुपारी माझ्याही ताटात तोच मासा होता, तीच वाइन होती. मी सांगायला लागले. नारळाच्या दुधाचा गोडवा, आमसुलाचा किंचित आंबटपणा, मासा मऊ, तोंडात विरघळणारा. वाइन गोड, जांभळासारखी तुरट. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. नीट, मन लावून. संपल्यावर पाटीवर लिहिलं, "अजून."

यातलं मी काहीच चाखलेलं नव्हतं. जेवले होते, पण सगळा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत होते. माशाला काय चव होती, मला खरंच आठवत नाही. आमसूल घातलेलं काकींनी सांगितलं होतं म्हणून आंबट म्हटलं. तरी मी अजून सांगितलं. रोज थोडं थोडं सांगते. ते रोज विचारतात.

तुम्हाला जायचं असेल तर नारळी पौर्णिमेनंतर जा. सुरमई दिवाळीच्या सुमाराला चांगली मिळते, असं काकी म्हणाल्या होत्या. खोली स्टँडपासून चालत जाण्यासारखी आहे, आणि शालनकाकी म्हटलं की कुणीही दाखवेल. मलाही एकदा जायचं आहे, तो मासा नीट चवीने खाऊन बघायला. सध्या यांना एकटं सोडता येत नाही. आणि जेव्हा जाता येईल, तेव्हा परत येऊन सांगायचं कुणाला, ते मला माहीत नाही.