लवूचं गाऱ्हाणं

रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत लवू तोडणकराचा आवाज म्हणजे भोंगाच. चिऱ्याच्या खाणीत कमावलेला. देवळात गुरव गाऱ्हाणं घालायचा आणि वाडी "व्हय म्हाराजा!" म्हणायची, तेव्हा लवू एकटा सगळ्यांना भारी पडायचा.

चौऱ्याऐंशी साली त्याच्या लेकीला, कुंदाला, रक्ताचा कॅन्सर निघाला. मुंबईला नेण्याआधी गुरवाने देवापुढे नारळ ठेवून मागितलं, "पोर सुखरूप घरी येऊ दे." लवू गरजला. पोर घरी आली. गेलेले केस आले, शाळाही सुरू झाली.

दोन वर्षांनी आजार उलटला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा इंजेक्शनं, आणि या वेळी जास्त कडक. गुण येईलच, असं मात्र ते बोलले नाहीत. लवूच्या डोक्यात एकच भुंगा: आपण नुसतं घरी येणं मागितलं, देवाने तेवढंच दिलं. आम्ही शहाण्यांनी त्याला वेड्यात काढलं.

निघायच्या सकाळी त्याने गुरवाला बजावलं, "आता सगळं आयुष्य माग."

गुरवाने मागितलं, "पोरीला म्हातारी होईपर्यंत जगव."

"व्हय म्हाराजा!" वाडी ओरडली. लवूच्या तोंडून शब्द फुटेना. एवढं मागितलं आणि देव नाही म्हणाला तर, या भीतीने त्याची दातखीळ बसली होती.

त्याचा हात धरून उभ्या असलेल्या कुंदाने मान वर केली.

"बाबा, तुम्ही का नाय बोललात?"