आत्यांचा अभ्यासक्रम

जगातल्या प्रत्येक माणसाला एकदा तरी निरखून पाहिल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत, असा माझ्या बायकोच्या आत्यांनी पण केला असावा. त्या पौडजवळच्या एका तांत्रिक माध्यमिक शाळेत कर्मशाळा शिकवतात, म्हणजे मुलांच्या हाती कानस आणि करवत देऊन लोखंडाला वळण लावतात. एस.टी.त शेजारी कुणी डावखुरा बसला, की "कात्री कशी धरता ओ तुमी?" हा त्यांचा पहिला प्रश्न. एकदा आमच्या भूगावच्या सोसायटीत लिफ्ट दुरुस्त करायला जाड भिंगाचा चष्मा लावलेला एक माणूस आला. बारीक स्क्रू त्याला दिसतो की बोटांना कळतो, हे आत्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत इतक्यांदा विचारलं, की शेवटी त्याने चष्मा काढून, डोळे मिटून एक स्क्रू बसवून दाखवला. तेव्हापासून आत्या आल्यात असं कळलं, की वरच्या मजल्यावरची मंडळी जिन्यानेच उतरतात.

गेल्या वर्षी शाळेने दिव्यांग मुलांनाही सामावून घेणारा नवा अभ्यासक्रम करायचं ठरवलं आणि ते काम आत्यांकडे आलं. मग आमचे रविवार सुरक्षित राहिले नाहीत. एका रविवारी त्या कानांत कापूस घालून जेवल्या, बायको "आमटी वाढू का?" विचारत होती आणि त्या शाळेच्या गळक्या पत्र्याबद्दल उत्तर देत होत्या. दुसऱ्या रविवारी डावा हात पदराने कमरेला बांधून त्यांनी चहा केला. कपापेक्षा तो ओट्यावरच जास्त पडला. "एका हातानं गाळणी धरायची का पातेलं?" त्या खुशीत म्हणाल्या. "गाळणीला पाय पायजेत."

हे सगळं चाललं होतं ते नेरे गावाहून शाळेत येणाऱ्या एका मुलीसाठी. तिच्या डाव्या हाताला जन्मापासून बोटं नाहीत. अभ्यासक्रम समितीचं म्हणणं, तिने कर्मशाळेच्या तासाला बाजूला बसून बघावं, वही लिहावी, मार्क देऊन टाकू. आत्या म्हणाल्या, "नुसतं बघायचं आसंल तर घरी टीव्ही हाय की."

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी स्वतःच पायाने दाबून आवळायचा एक व्हाइस, म्हणजे लोखंड पकडून ठेवायचा शिकंजा, बनवला. तो शाळेत पोचवायला माझीच गाडी होती, म्हणून पुढचं मी दारात उभं राहून पाहिलं. आत्यांनी समितीसमोर डावा हात कमरेला बांधला, पायाने सळई आवळली आणि कानस चालवली. समितीने मान डोलावली. व्हाइसपेक्षा आत्यांचा चेहरा बघून डोलावली असावी. मग मुलीला बोलावलं. ती वडिलांबरोबर आली. तिने पाय दाबला, दोनदा कानस मारली आणि थांबली.

"जमतंय की," आत्या म्हणाल्या.

"जमतंय बाई. पण मला कानस न्हाई मारायची."

"मग काय करायचंय?"

"लाइटीचं शिकायचंय. आमच्या खोल्या भाड्यानं दिल्यात. सारखी लाइट जाती, भाडेकरू वरडत्यात, न् वायरमन परवा येतो म्हणतो."

"आदी का न्हाई बोललीस?"

"कुणी इचारलंच न्हाई."

आत्यांनी कमरेला बांधलेला हात सोडला आणि समितीच्या अध्यक्षांना शांतपणे सांगितलं, "साहेब, अभ्यासक्रम पहिल्यापासून लिहावा लागेल."

नव्या अभ्यासक्रमात प्रत्येक मूल आधी सगळ्या विभागांत थोडे थोडे दिवस बसतं, मग त्याला काय शिकायचंय ते विचारतात, आणि अवजारांचा विचार त्यानंतर. समितीने कुरकुरत एका वर्षापुरता मान्य केला. मुलगी वीजजोडणी शिकते आहे. वायर दाताने सोलते म्हणून आत्यांची बोलणी खाते.

येत्या उन्हाळ्यात आत्या निवृत्त होतात. परवा आमच्या गॅलरीत बसल्या होत्या. समोर नव्या इमारतीचा स्लॅब टाकणं चाललं होतं.

"जावईबापू, तुमाला काय शिकायचं हुतं?"

"कॉम्प्युटरच की. तेच तर करतोय."

"ते घावलं ते. शिकायचं काय हुतं?"

मी म्हणालो, "आमच्या गावी स्टँडजवळ एक माणूस रेडिओ उघडून बसायचा. शाळा सुटली की मी तिथे जाऊन उभा राहायचो."

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. आत्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. खुर्ची तेवढी माझ्याकडे वळवली.