चोवीस तासांची बाटली

घरात मॅट्रिक झालेली मी एकटीच, आणि त्याचा मला भलताच तोरा होता. धाकट्या भावाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, आईचं एक काढून त्याला बसवता येईल का हे पाहायला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या सुरू झाल्या, तेव्हा कागदपत्रं सांभाळायला मलाच नेलं. वडिलांचा रक्तगट जुळला नाही, ते गावी, जानेफळला परतले. आईचा जुळला. ‘‘आता माहा गुर्दा तुले,’’ ती भावाला म्हणाली. मूत्रपिंड हा शब्द तिच्या तोंडात कधी बसला नाही.

छातीचा फोटो झाला, रक्त झालं, पुन्हा रक्त झालं. जन्मात सुई न टोचलेली ती बाई दंड पुढे करून गुमान बसायची. मग एके दिवशी नर्सने मोठी तपकिरी बाटली हातात दिली. ‘‘उद्या सकाळी सातपासून परवा सकाळी सातपर्यंतची आईंची पूर्ण लघवी आणा.’’

पूर्ण म्हणजे सगळी, एकही थेंब न सांडता. मी समजले, बाटली पूर्ण भरायला हवी.

नेमका शनिवार आला. भावासाठी नवस बोलून आईने शनिवारचा निर्जळी उपास धरला होता. ‘‘आजच्या दिवस पाणी पे,’’ मी धर्मशाळेत तिच्या मागे लागले. ‘‘ज्याच्यासाठी धरला त्याच्याच कामाच्या दिवशी मोडू?’’ म्हणाली. संध्याकाळी पाहिलं तर बाटलीच्या तळाशी जेमतेम चार बोटं. एवढ्यावर आईला नापास करतील आणि भाऊ हातचा जाईल, या धास्तीने माझं डोकं चालेना. मग दुसऱ्या सकाळपर्यंत मीही तीच बाटली वापरली. आईला पत्ता लागू दिला नाही. काठोकाठ नाही, पण चांगली भरली. आपण किती हुशार, असं मनात म्हणत मी ती नेऊन दिली.

तीन दिवसांनी डॉक्टरांनी आम्हाला भावाच्या खाटेपाशीच गाठलं. आईच्या लघवीतून प्रथिनं जाताहेत, रक्तही जातंय, मुलाचाच आजार आईला असावा, मूत्रपिंड घेता येणार नाही. एवढं बोलून ते कागदावर लिहू लागले. भावाने भिंतीकडे तोंड केलं. आई खाटेची दांडी धरून उभी राहिली.

आणि एकदम मला बाटली आठवली. मी अक्षरशः आनंदाने ओरडले, ‘‘डॉक्टरसाहेब, त्यात अर्धी माही आहे! आईचं काही खराब नाही, जे खराब आहे थे माहं!’’

भाऊ वळला. ‘‘हसून काऊन राह्यली तू?’’

मी खरंच हसत होते. डॉक्टर मात्र लिहायचे थांबले होते. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, नेसलेलं पातळ घोट्यापासून जरा वर घ्यायला लावलं आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. ‘‘पाय कधीपासून सुजतात?’’ त्यांनी विचारलं. चालून चालून सुजले असतील, असं मी म्हणाले. इतका वेळ मी कशाचा आनंद करत होते, ते तेव्हा कळलं.

पुन्हा दोन बाटल्या दिल्या, दोघींच्या वेगळ्या. आईची स्वच्छ निघाली. माझी नाही.

डॉक्टरांनी आईला समोर बसवून सगळं समजावलं. मुलाला तुमचं मूत्रपिंड बसवता येईल. मुलीला आज लागत नाही, औषधं देऊ, पण पुढे लागू शकेल. आई सगळं ऐकून घेत होती. मग तिने विचारलं, ‘‘माह्याजोळ किती हायेत?’’

‘‘दोन.’’

‘‘मंग झालं. याले आता द्या, इले लागंन तवा दुसरा द्या.’’

‘‘आणि तुम्ही?’’ डॉक्टर म्हणाले.

‘‘मी काय?’’ आईने विचारलं. प्रश्न तिला कळलाच नव्हता. मला रडू आलं नाही, तिचा भयंकर राग आला.