थोरलीच्या वाट्याचे आभार

धाकटीला तिच्या नावाने कुणी हाक मारत नसे. घरी ती धाकटी आणि लॉन्ड्रीत आभारवाली. दुसरं नाव चेष्टेतून पडलं होतं, पण चिकटलं ते चिकटलंच.

दिवस उजाडायच्या आत ती उठायची. स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याशेजारी बुद्धाची वीतभर उंचीची मूर्ती होती. तिच्यापुढे मेणबत्ती लावून त्रिशरण, पंचशील म्हणायची आणि थोडा वेळ डोळे मिटून गप्प बसायची. इथवर कुणाची काही तक्रार नव्हती. पण उठल्यावर जे सुरू व्हायचं, त्याला घरात कुणाकडे इलाज नव्हता. नळाला पाणी आलं की पाणी सोडणाऱ्याचे आभार. बसमधून उतरताना ड्रायव्हरला, "बरं आणलंत हो, एक धक्का बसला नाही." लॉन्ड्रीत ओल्या चादरींची गाडी ढकलत धुलाईवाला आला की, "आज छान पिळून आल्यात, माझे हात वाचले." तो आधी आपली टिंगल चाललीय समजून फुगून बसला होता. नंतर नंतर धाकटी रजेवर असली की तोच गाडी तिच्या टेबलापाशी लावून उगाच घुटमळायचा.

ही खोड तिच्या आईची. आई सांगायची, "आजचा दिवस आपल्या एकटीच्या बळावर गेलेला नाही. कुणामुळे गेला ते बघत जा, आणि त्या माणसाला तोंडाने सांगत जा. मनात ठेवून काय त्याचं लोणचं घालायचंय?"

पण धाकटी गोडबोली होती असं कुणी समजू नये. तिला पंचशीलातल्या चौथ्या शीलाने बांधून टाकलं होतं. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, असं रोज सकाळी म्हणायचं आणि दिवसभर तोंडदेखलं बोलत हिंडायचं, हे तिला जमत नसे. शेजारणीने हौसेने नातू दाखवला, तेव्हा सगळ्या बायका "गोड गोड" करत होत्या. ही बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "डोकं जरा मोठं आहे, पण नजर किती शांत आहे गं!" शेजारीण आठवडाभर बोलली नाही. पुढे मात्र तीच सगळ्यांना नातवाची नजर दाखवत सुटली.

तर अशा या बाईने घरातल्या एका माणसाचे आभार कधी मानले नव्हते. ते माणूस म्हणजे थोरली जाऊ.

दोघींचे संसार एका भिंतीच्या अल्याड-पल्याड होते आणि स्वयंपाकघर एकच. थोरलीच्या जिभेला हाड नव्हतं. धाकटी लग्न होऊन आली त्या आठवड्यातच "हिला मीठ दिसतं तरी का?" झालं. पूजेला बसली तर "चाललं हिचं ढोंग." पण खरा काटा वेगळा होता. धाकटीचा मुलगा नापास झाला त्या दिवशी थोरली चार पाहुण्यांसमोर, तिच्या देखत म्हणाली होती, "आईवर गेलाय. तीपण कुठे पटकन समजते?" मुलगा पुढे पास झाला, नोकरीलाही लागला. काटा मात्र तसाच होता. रोज सकाळी सगळ्यांचं मंगल होवो म्हणताना थोरलीपाशी आलं की धाकटी अडखळायची. मंगल होवो, हे ती मनापासून म्हणू शके. आभार निघत नसत.

थोरलीच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी सकाळी धाकटीची मेणबत्ती विझायच्या आतच ती दारात येऊन उभी राहिली.

"झाले का आभार? नळाचे, गॅसचे, घरातल्या उंदराचे?"

"उंदराचे नाही मानत, जाऊबाई."

"मानत असशील, तुझा काय नेम! अख्ख्या गावाचे मानतेस. मी इतकी वर्षं तुझ्या उरावर बसलेय, माझे कधी मानलेस?" थोरली हसत होती, पण हाताने पदराचं टोक पिळत होती. "उद्या मला कापायला नेतायत. टेबलावरून उठले नाही तर राहून जाईल हो तुझं."

धाकटीच्या तोंडाशी दोन शब्द आले होते. म्हटले असते तर कुणाचं काय जाणार होतं? पण समोरची मूर्ती राहू दे, समोरच्या बाईला तरी खोटं कळलं नसतं का?

"खोटं नाही बोलणार, जाऊबाई. संध्याकाळपर्यंत शोधते."

"शोधते!" थोरलीचा चेहरा उतरला. "म्हणजे शोधावं लागतंय. बरं बाई, शोध." आणि चहा न घेताच ती भिंतीपलीकडे निघून गेली.

त्या दिवशी धाकटीने हॉटेलच्या उशांच्या अभ्र्यांच्या उलट्या घड्या घातल्या आणि एका पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा पिवळा डाग पाडला. मुकादमीण ओरडली, "कुणी जाळला?"

"मी. माझं लक्ष नव्हतं."

"लक्ष कुठे होतं मग?"

"जावेकडे."

सगळ्या बायका फिसकन हसल्या. जेवणाच्या सुट्टीत तिने सकाळचं सगळं सांगितलं, तेव्हा तिच्या टेबलाची जोडीदारीण म्हणाली, "इतका काय जीव काढतेस? म्हणून टाक, तुमचे उपकार आहेत म्हणून. आजारी माणसाला बरं वाटेल." इतक्यात नव्याने लागलेली मुलगी डबा धुवायला उठली. ती असेपर्यंत सगळ्या तिच्या बांगड्यांचं कौतुक करत होत्या. तिची पाठ वळली मात्र, तिच्या बांगड्या, तिचा नवरा, तिची चाल, सगळं निघालं.

"मी उठून गेले की माझंही निघतं का गं?" धाकटीने विचारलं.

जोडीदारीण जरा चपापली आणि मग मोकळी हसली. "निघतं की! तुला काय सोडतो होय?"

धाकटीने अर्ध्या डब्यावरच झाकण लावलं.

संध्याकाळी घरी जाताना ती जिन्याखालच्या शिंपिणीकडे थांबली. गल्लीतली कुठलीही गोष्ट या बाईच्या मशीनवरून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे.

"मावशी, खरं सांगा. आमच्या जाऊबाई माझ्याबद्दल तुमच्याकडे काय काय बोलल्यात?"

शिंपिणीने पायडलवरचा पाय थांबवला. "ती? अगं, किती वर्षं मी काडी घालून बघतेय! एकदा म्हटलं, धाकटी फार आगाऊ झालीय म्हणे. तर माझ्यावरच डाफरली, 'तिचं जे काय आहे ते मी तिच्या तोंडावर बोलते, तुम्ही ब्लाऊजचं माप घ्या.' मेली एक शब्द देईल तर शपथ."

धाकटी एका दमात जिना चढली. थोरली पलंगावर बसून हॉस्पिटलची पिशवी भरत होती. टॉवेल आत घालत होती, पुन्हा बाहेर काढत होती.

"सापडलं, जाऊबाई."

"काय?"

"तुम्ही माझ्या पाठीमागे माझ्याबद्दल कधी वाकडं बोलला नाहीत. जे बोललात ते तोंडावर. त्यातलं काही अजून दुखतं. पोराबद्दल बोललात ते तर फारच. पण या घरातून बाहेर पडताना मला कधी असं वाटलं नाही, की आता मागे काहीतरी शिजत असेल. हे सुख आहे हे मला आजपर्यंत कळलं नव्हतं. त्याचे आभार मानते. खरे."

थोरलीला टॉवेल हातात धरूनच हसू फुटलं. इतकं, की पोट धरून वाकली आणि "आई गं, खडे!" करत पुन्हा हसली. "पंचवीस वर्षं शिव्या घातल्या त्याचे आभार मानतेय ही बया!"

"शिव्यांचे नाही. तोंडावर घातल्यात त्याचे."

"आणि आणखी? एकच?"

"आत्तापर्यंत एकच सापडलंय."

हसणं हळूहळू विरलं. थोरलीने डोळे पुसले. ते हसण्याने भरले होते की कशाने, ते धाकटीने विचारलं नाही. "पोराचं बोलले ते चुकलं माझं," थोरली खिडकीकडे बघत म्हणाली. "त्याच दिवशी कळलं होतं."

धाकटीने टॉवेल तिच्या हातातून घेतला, नीट घडी घालून पिशवीत ठेवला.

"ऐक," थोरली म्हणाली. "उद्या तू चल माझ्याबरोबर. ह्यांना नको. हे आपले काही नाही, काही नाही करत बसतील. शुद्धीवर आले की डॉक्टर काय म्हणाले ते मला तू सांग. जसं असेल तसं."

"बरं असेल तर बरं सांगेन. वाईट असेल तर वाईट."

"म्हणून तर तुला सांगतेय ना, मंद!"

धाकटी उठली आणि मुकादमिणीला उद्याची रजा कळवायला फोन शोधू लागली.