धक्क्यावरचा म्हातारा

माझ्या नणंदेचं, म्हणजे अक्कांचं, एका म्हाताऱ्याशी कित्येक वर्षं हाडवैर होतं. तो म्हातारा टीव्हीत राहायचा.

आमच्याच इमारतीत तळमजल्यावर अक्कांचं कपडे अल्टर करायचं दुकान आहे. दुकान कसलं, शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल आणि दोन खुर्च्या मावतील एवढी खोली. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या आणि सुटलेल्या गिऱ्हाइकांना "कापडच आटलंय हो" म्हणून धीर द्यायचा, हा त्यांचा धंदा. शहर सोडून जाणारं एक गिऱ्हाईक जुना जपानी व्हिडिओ गेम आणि डबडा टीव्ही त्यांच्याकडे ठेवून गेलं. तेव्हापासून संध्याकाळी काम आटपलं की अक्का त्या गेमसमोर.

निळ्या केसांची, बशीएवढ्या डोळ्यांची एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधत बेटाबेटांवर फिरते. अक्षरं सगळी जपानी. अक्कांना त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण मुलगी काय करते ते बघून त्यांनी तिला द्यायच्या पाचही हुकमांना नावं दिली होती. बघ, बोल, घे, मार. पाचवा दाबला की मुलगी कमरेत वाकायची. "बुटाची नाडी बांधते," अक्का सांगत. "तो दाबायचा नाही, उगाच वेळ जातो."

शेवटच्या बेटाकडे जायच्या धक्क्यावर दाढीवाला म्हातारा होडी अडवून बसलेला. भावाला यानेच डांबलंय, असं अक्कांचं ठाम मत. रोज त्या त्याला बडवत आणि रोज तो मुलीला पाण्यात ढकलून पहिल्या बेटावर पाठवी.

"मेला हसतो कसा बघ!"

मग टीव्हीच आजारी पडला. चित्रावर वरून काळोख उतरू लागला, रोज थोडा आणखी. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. "मावशी, याचे पार्ट आता मिळत नाहीत. चाललाय तोवर चालवा." नव्या टीव्हीला या गेमची वायर लागत नाही. म्हणजे भाऊ सापडला तर आत्ता, नाहीतर कधीच नाही.

मला भलतीच धास्ती. ते धूड पेटलं तर? मी रोज खाली जाऊन प्लगवर हात ठेवून बसू लागले.

"अगं, टीव्ही आहे तो," अक्का म्हणाल्या. "दूध नाही, उतू जायला."

शेवटी माझी मुलगी फोन घेऊन खाली आली. फोनचा कॅमेरा जपानी वाचून त्याचा अर्थ सांगतो म्हणे. अक्षरं पडद्याच्या तळाशी उमटत, म्हणून अजून दिसत तरी होती.

"आत्या, म्हातारा काय म्हणतोय माहितीये? 'आजही मारायलाच आलीस? नीट विचारलंस तर मीच सोडीन की पलीकडे.'"

"काहीतरीच."

"आणि तुझी ती बुटाची नाडी... ती नमस्कार करते गं, वाकून!"

अक्का हळूच म्हणाल्या, "एवढा बडवला त्याला. आता कुठल्या तोंडानं वाकू?"

"तू कुठे वाकतेस? ती वाकणार."

"बडवला तर मीच ना!"

तरी त्यांनी पाचवा हुकूम दाबला. मुलगी वाकली. म्हाताऱ्याने दोर सोडला आणि स्वतःच वल्हं हातात घेतलं. होडी पलीकडे लागेपर्यंत पडद्यावर चार बोटांची पट्टी उरली होती.

"अक्का, जळका वास येतोय."

"इस्त्रीचा आहे. गप बस."

पट्टीत फक्त फळ्या दिसत होत्या आणि मुलीचे बूट. समोरून अनवाणी पाय आले.

"कोण आलं, कळेना," माझी मुलगी म्हणाली.

"भाऊच. पँट बघ की, घोट्याच्या वर गेलीय. वाढलाय पोरगा."

ते पाय धावले, आणि बूट जमिनीवरून उचलले गेले. मग पट्टीची रेघ झाली, रेघेचा ठिपका झाला आणि तोही विझला. मी लगेच प्लग ओढला.

अक्का काळ्या पडद्याकडे बघत बसल्या. आता यांचा बीपी वाढणार, म्हणून मी पाणी शोधू लागले.

"पण त्या म्हाताऱ्याला कळलं असेल ना," त्या म्हणाल्या, "भेटले म्हणून?"

"तो होडीतच होता, आत्या. त्यानं सगळं पाहिलं."

"मग बरं झालं," अक्का म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "इस्त्री बंद कर. खरंच जळतंय काहीतरी."