कोर्टाची बोलणारी भिंत

चुडामणचा आवाज असा, की त्याने घरात बायकोला हाक मारावी आणि पलीकडच्या गल्लीतल्या म्हशीने मान वळवावी. त्याच आवाजावर १९११ साली त्याला कोर्टात पट्टेवाल्याची नोकरी लागली. दोंडाईच्याच्या अलीकडच्या त्या गावात कोर्टाची इमारत नवी कोरी होती. काळ्या दगडाच्या भिंती, पुढे कमानींची ओसरी, आत शिरलं की घुमटाखालची चौकोनी देवडी. चुडामणने पक्षकारांची नावं पुकारायची. पण पुकारा घुमटात असा घुमे, की भलतेच दोघं-तिघं 'हाजिर' होत.

एकदा देवडीच्या कोपऱ्यात तो तंबाखू मळत बसला होता. अचानक कानाशी कुणी कुजबुजलं. जवळ तर चिटपाखरू नव्हतं! समोरच्या कोपऱ्यात मात्र एक वकील भिंतीकडे तोंड करून आंब्याच्या झाडाच्या दाव्यातल्या, सुकदेवच्या बाजूच्या वना नावाच्या साक्षीदाराला पढवत होते, "आंबा सुकदेवच्या आज्याने लावला, तू डोळ्यांनी पाहिलंस. समजलं?" घुमटाच्या गोलाईवरून शब्द न् शब्द घरंगळत चुडामणकडे येत होता.

वकील वनाला तिथेच ठेवून आत गेले. चुडामणच्या अंगात खोडी शिरली. भिंतीला तोंड लावून, जन्मात पहिल्यांदाच हळू आवाजात तो म्हणाला, "वना, खोटं बोलू नको. मी बठ्ठं, समदं आयकस."

वना पिंजऱ्यात उभा राहिला तो देवडीच्या भिंतीकडे बोट दाखवतच. "साहेब, तो आंबा मन्हा जल्मना पहिलेना शे! मी काय दखं नही. माले भितनी सांगं, खोटं बोलू नको!"

पुढच्या बाजारापर्यंत त्या कोपऱ्याला शेंदूर लागला, नारळ फुटू लागले. पढवलेले साक्षीदार देवडीत पाय ठेवीनात. वकिलांनी तक्रार केली. जज्जसाहेबांनी चुडामणला बोलावलं.

"काय रे, ही भिंत अहिराणी कशी बोलते?"

"साहेब, दगड इथलाच आहे ना!"

साहेबांनी मिशीतलं हसू दाबलं. स्वतः त्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले आणि चुडामणला समोर पाठवून म्हणाले, "बोल."

भिंतीतून बारीक आवाज आला, "साहेब, नोकरी राहू द्या."

आता साहेबांना हसू आवरेना. नोकरी राहिली. कोपऱ्यात मात्र दुसऱ्याच दिवशी एक भलंथोरलं कपाट येऊन बसलं.

वनाला खरं काय ते चुडामणने कधीच सांगितलं नाही. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वना भिंतीसाठी पुरणाच्या मांड्यांचा नैवेद्य आणी, कपाटापुढे हात जोडी आणि समाधानाने गावी जाई. त्याची पाठ वळली, की चुडामण मांड्यांपुढे मांडी घालून बसे.